मान खाली घालून पाहिलेलं बेट

साल २०२५. साल एवढं ठणकावून सांगायचं कारण असं, की त्या वर्षीच्या मे महिन्यात जयंतीबाई आणि भाऊसाहेबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात भाऊसाहेबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं मत पडलं. भाऊसाहेबांनी आपलं मत राखून ठेवलं.

पडदा सुटला तेव्हा बॅगा भरून तयार होत्या. विनिपेगच्या लेकीनं, गौरांगीनं, आईबाबांना पन्नाशीची भेट म्हणून आइल ऑफ वाइटची सहल दिली होती. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत कुणीतरी समुद्रात शंकरपाळं टाकावं, तसं हे बेट. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, भाऊसाहेब पोर्टस्मथला शिकत असताना, दोघं एका रविवारी तिथे जाऊन आली होती. तिथे समुद्रात पांढरे सुळके उभे आहेत, त्यांना नीडल्स म्हणतात. शेजारी एक कडा आहे, तांबड्या, पिवळ्या, करड्या वाळूच्या पट्ट्यापट्ट्यांचा. आणि त्या कड्यावरून किनाऱ्यापर्यंत तारेला टांगलेल्या खुर्च्या उतरतात, एकेका खुर्चीत दोन माणसं. त्या खुर्चीतून उतरताना एक कोल्हापुरी चप्पल खाली रंगीत वाळूत पडली होती.

कुणाची पडली, हा या संसाराचा मूळ प्रश्न.

भाऊसाहेब म्हणत, हिची. जयंतीबाई म्हणत, यांची. चपला दोघांच्याही लग्नातल्या, एकाच दुकानातल्या. दोघांनाही चावत होत्या म्हणून दोघांनीही अंगठ्यात नुसत्या अडकवल्या होत्या. खाली उतरल्यावर दोघांनी रबरी सपाता घेतल्या, उरलेल्या तीन चपला पिशवीत घातल्या आणि ती पिशवी परतीच्या हॉवरक्राफ्टमध्ये विसरून आली. पुरावा तिथेच संपला. पुढे देश बदलला, घरं बदलली, गुडघे बदलले, पण हा खटला काही निकालात निघाला नाही. "जागेवर गेल्याशिवाय याचा सोक्षमोक्ष लागायचा नाही," असं भाऊसाहेब प्रत्येक पाहुण्याला सांगत. म्हणून ही सहल.

विघ्नं तशी आधीपासूनच चालू होती. इंग्लंडला जायला आता कॅनडावाल्यांनाही फोनवरून परवानगी काढावी लागते. त्यासाठी फोनला आपला चेहरा दाखवायचा असतो. त्या फोनला भाऊसाहेबांचा चेहरा काही केल्या पसंत पडेना. पन्नास वर्षांपूर्वी जयंतीबाईंच्या वडिलांनाही तो लगेच पडला नव्हता, पण त्यांनी निदान चहा तरी दिला होता. शेवटी चष्मा काढून, खिडकीशी उभं राहून, हसायचं नाही अशी दटावणी देऊन परवानगी मिळाली, आणि त्याच आठवड्यात भाऊसाहेबांना उजव्या बाजूनं काळा पडदा खाली येताना दिसला.

डोळा दुरुस्त करायची रीत अशी, की आत वायूचा एक बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर जातो. म्हणून माणसानं मान खाली घालून राहायचं, म्हणजे तो डोळ्याच्या मागच्या बाजूचा पडदा जागच्या जागी दाबून धरतो. बुडबुडा विरेपर्यंत विमान बंद. आणि दोन आठवडे मान खाली. जेवताना, झोपताना, भांडतानासुद्धा.

"मान वर केली आणि पडदा परत सुटला, तर या डोळ्याबद्दल मी काही प्रॉमिस करू शकणार नाही," डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. भाऊसाहेबांचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच निम्मा मावळला होता. जयंतीबाईंनी मनात पुढची बेरीज करून पाहिली आणि अर्ध्यावर सोडून दिली.

आता भाऊसाहेब म्हणजे ज्यांनी आयुष्यभर नद्यांवर पूल टाकले आणि ते नीट उभे आहेत की नाही हे बघायला रविवारीसुद्धा गाडी काढून गेले, असे गृहस्थ. त्यांना स्वस्थ बसायचा अनुभव नव्हता. त्यांच्यासाठी भाड्यानं एक खुर्ची आणली. मालिशवाल्यांकडे असते तशी, गुडघे टेकून पुढे रेलायचं आणि तोंड एका कड्यात अडकवायचं. त्यातून समोर फक्त कार्पेट दिसतं. बेज रंगाचं कार्पेट, ही दोघं राहतात त्या कोक्विटलाम शहरातल्या निम्म्या कॉन्डोंमध्ये असतं तसलं.

"अगं, पाय मोकळे करतो."

"आत्ताच केलेत."

"पाणी पितो."

"स्ट्रॉ लावलीय. मान तशीच ठेवा."

"बाहेर कोण आलंय बघतो."

"कुणी आलेलं नाही. आणि आलं तर बूट बघून ओळखा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयंतीबाई वरणाला फोडणी देऊन बाहेर आल्या, तर भाऊसाहेब बाल्कनीत ताठ उभे राहून पुलावरून धावणारी स्कायट्रेन बघत होते. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट. त्यांनी नुसता त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत आणून बसवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ ओटा पुसला.

मग सहलीचं रंगीत माहितीपत्रक त्यांनी खुर्चीच्या कड्याखाली, कार्पेटवर टाकलं. आतून आवाज आला, "राइड गावचा बोटींचा धक्का इतका आखूड दाखवलाय. हा माणूस तिथे गेलेला नाही." आणि पुढे अर्धा तास भाऊसाहेब हलले नाहीत. माहितीपत्रकातल्या चुका काढण्यात त्यांना इतका आनंद झाला, की वरण गार झालं.

जयंतीबाईंना तिथे मार्ग दिसला. माणसाला खालीच बघायचंय ना, मग बघण्यासारखं खाली ठेवायचं. त्यांनी चादर अंथरली आणि रव्यानं त्यावर बेटाची आकृती काढली. रांगोळीचा हात होता. शंकरपाळं झोकात आलं. पण दिवाणखान्यात सोफा, टीव्ही आणि विनिपेगला न नेलेलं गौरांगीचं सगळं बालपण होतं. बेटाचा उत्तरेकडचा कोपरा वॉशरूमच्या दारात गेला, आणि सकाळी भाऊसाहेबांनीच, मान खाली असूनही, व्हिक्टोरिया राणीच्या वाड्यावर पाय दिला.

"तुला मोठी जागा हवी, जयंतीताई," चित्रा म्हणाली. चित्रा नवव्या मजल्यावरची. तिच्याकडे सगळ्यावर सल्ला असे आणि तो द्यायला ती लिफ्टनं खाली येई. "खालची पार्टी रूम घे ना. तिथे लाकडी फ्लोअर आहे, रांगोळी काय खुलेल."

पार्टी रूमसाठी स्ट्राटा कौन्सिलची परवानगी लागते. स्ट्राटा कौन्सिल म्हणजे आपली सोसायटीची कमिटी, फक्त इंग्रजीत आणि चहाशिवाय. अध्यक्ष मिसेस फरहादी, तेहरानहून आलेल्या, निवृत्त शाळाप्रमुख. त्यांनी चष्म्यावरून जयंतीबाईंकडे पाहिलं.

"बर्थडे आहे का?"

"नाही."

"योगा?"

"नाही. बेट आहे."

मिसेस फरहादींनी पेन खाली ठेवलं. जयंतीबाईंनी सगळं सांगितलं. डोळा, बुडबुडा, नीडल्स. चप्पल वगळली, कारण घरच्या गोष्टी कमिटीपुढे कशाला.

"जमिनीला काही चिकटवणार?"

"नाही."

"मेणबत्त्या? पाळीव प्राणी? बँड?"

"एक गाढव आहे," जयंतीबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "मातीचं." बेटावर एका किल्ल्यात गाढवं चाकात चालून विहिरीचं पाणी ओढतात, ते दाखवायचं त्यांच्या मनात आलं होतं.

मिसेस फरहादींनी रविवारचा संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला. सात वाजता रूम झाडून परत, कारण साडेसातला एका कोरियन कुटुंबाच्या बाळाचा समारंभ होता. "आणि फूड जमिनीवर नको," त्यांनी बजावलं. जयंतीबाई हो म्हणाल्या. रवा हे त्यांच्या लेखी अजून फूड झालेलं नव्हतं. ते भाजल्यावर होतं.

बातमी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर गेली आणि बेट हाताबाहेर गेलं. पहिले आले बळवंतराव. हे निवृत्त हिशेबनीस, बायको गेल्यापासून घरात काड्यापेट्यांची घरं बांधत बसणारे. त्यांनी इंटरनेटवर वाचलं होतं, की त्या बेटावर एका गावात त्याच गावाची छोटी प्रतिकृती आहे.

"म्हणजे वहिनी, आपल्या बेटात ते गाव आलं पाहिजे, त्या गावात ते छोटं गाव आलं पाहिजे, आणि त्या छोट्या गावातसुद्धा..."

"बळवंतराव, दोन आठवडेच आहेत."

"तिसऱ्यासाठी तांदळाचे दाणे घेतो," बळवंतराव म्हणाले आणि कामाला लागले.

चित्रानं बैलपोळ्याचा मातीचा बैल आणला आणि कान लांब लावून त्याला गाढव केलं. हॉवरक्राफ्ट म्हणून उपडा इडलीपात्राचा डबा. लसणीचं शेत असतं तिथे खरी लसूण. नीडल्ससाठी तीन मुळे उभे चिरले आणि शेवटच्यावर गाजराच्या चकत्या खोचून दीपगृह केलं. फोनवर गौरांगी बघत होती. "आई, धिस इज इन्सेन. बाबांना रेस्ट दे ना."

"बाबा रेस्टच घेतायत. बघ, सकाळपासून मान वर नाही."

आणि ते खरं होतं. भाऊसाहेब वर खुर्चीतून फोनवर हुकूम सोडत होते. आगगाडी वाफेची हवी. राणीच्या वाड्यात हिंदुस्थानी कारागिरानं सजवलेलं दालन आहे, ते विसरू नका. नीडल्स पश्चिमेला, तुम्ही ते कोक्विटलामच्या पश्चिमेला ठेवताय, बेटाच्या ठेवा. उठायचं त्यांना सुचलंच नाही.

राहिला कडा. रंगीत वाळूचा. जयंतीबाईंना तोच मनासारखा हवा होता, कारण सगळा खटला तिथे घडला होता. रांगोळीचे रंग जवळच्या सरी शहरातल्या देशी दुकानात दिवाळीशिवाय येत नाहीत. म्हणून पिवळा थर हळदीचा, करडा धणेपुडीचा, पांढरा तांदळाच्या पिठाचा. तांबड्यासाठी जयंतीबाईंनी कुंकवाची पुडी उघडली आणि चित्रानं त्यांचा हात धरला.

"अगं, कुंकू? जमिनीवर? पायाखाली येईल. पन्नासाव्या वर्षी?"

कॅनडात येऊन चाळीस वर्षं झाली, मुलांनी गोऱ्यांशी लग्नं केली, गणपती म्युनिसिपालिटीच्या तळ्यात परवानगीनं विसर्जित होतो, हे सगळं खरं. पण कुंकू पायाखाली नको. जयंतीबाईंनी पुडी कपाळाला लावून मिटवली.

"तिखट घ्या," बळवंतराव म्हणाले. "काश्मिरी. रंगाला झकास, झणका नाही."

तिखटाला देवपण नाही, यावर एकमत झालं. जयंतीबाईंचा डबा संपत आला होता, म्हणून बळवंतरावांनी आपल्या घरून आणून भला मोठा तांबडा डोंगर रचला. त्यांच्या बायकोनं भरून ठेवलेल्या बरण्यांवर नावं नव्हती. सगळं तांबडं ते काश्मिरी, अशी त्यांची सरळ समजूत होती. त्यातली एक कोल्हापूरहून बॅगेत आलेली लवंगी होती, हे आपल्याला आत्ताच कळलं. त्यांना थोडं उशिरा कळलं.

रविवारी दुपारी भाऊसाहेबांना खाली आणलं. चालत आणायचं तर मान वर जायची भीती, म्हणून लॉबीतली सामान हलवायची ढकलगाडी घेतली. तिच्यावर ती मालिशची खुर्ची दोरीनं बांधली, खुर्चीत भाऊसाहेब, पायांवर शाल. बेटाच्या मधून गाडीची चाकं जाण्यापुरती वाट कोरी ठेवली होती. आखणी स्वतः पुलांच्या इंजिनिअरनं वरून, कार्पेटकडे बघत केली होती.

आणि मग बेट सुरू झालं. चित्रा आणि बळवंतराव मागून ढकलत होते. भाऊसाहेबांच्या नाकाखालून राइडचा धक्का गेला, इडलीपात्राचं हॉवरक्राफ्ट गेलं, राणीचा वाडा गेला. "वा," कड्यातून आवाज आला. "गाढव थोडं बैलासारखं दिसतंय." गावाजवळ गाडी थांबवायला लागली, कारण बळवंतरावांना छोट्या गावातलं छोटं गाव दाखवायचं होतं. मिसेस फरहादी दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या, पण त्यांनीही दोन पावलं आत येऊन तांदळाची घरं न्याहाळली.

कडा आला तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "थांबा. ही चेअरलिफ्ट आहे. चेअरलिफ्टमध्ये दोघं असतात."

"अहो, काहीतरीच."

"जयंती, बस शेजारी. पन्नास वर्षं झाली."

जयंतीबाई गाडीच्या कडेला बसल्या. उगाच कुणाला वाटू नये, की आनंदानं बसल्या. गाडी हलायला नको म्हणून बसल्या. पाय लोंबत होते. पायात घरच्याच निळ्या सपाता, त्या दोघांसाठी एकाच पाकिटातून घेतलेल्या. गाडी निघाली. खाली पिवळा थर, करडा, पांढरा, आणि समोर तांबडा डोंगर, आणि पलीकडे पुठ्ठ्याच्या समुद्रात तीन मुळे. चित्रा मुळ्यांकडे बघत होती. बळवंतराव चाकाकडे. मिसेस फरहादी घड्याळाकडे. जयंतीबाईंचं लक्ष नवऱ्याच्या मानेवर, ती खालीच आहे ना यावर.

तेवढ्यात धप्प झालं.

एक सपात सरळ तांबड्या डोंगरात जाऊन बसली आणि डोंगर वर आला. आधी बळवंतराव शिंकले, नुसत्या नाकानं नाही तर मुळापासून. मग चित्रा. मग दारातून मिसेस फरहादी, फारसी पद्धतीनं, लागोपाठ. तांबडा ढग सावकाश पसरत खुर्चीच्या कड्याकडे सरकला, आणि जयंतीबाईंच्या डोक्यात डॉक्टरीणबाईंचं शेवटचं वाक्य घणघणलं: शिंक नको, खोकला नको, आणि काही झालं तरी मान वर नको.

त्यांनी पदर सोडला आणि भाऊसाहेबांच्या तोंडाभोवती आवळला. एका हातानं नाक, दुसऱ्या हातानं मानेचा मागचा भाग, खाली, घट्ट.

"वर बघायचं नाही. श्वास तोंडानं, पदरातून. हलायचं नाही."

"हं."

"हलायचं नाही म्हणते ना."

"हलतोय कोण."

त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक पेटलं होतं, त्या शिंकत होत्या आणि प्रत्येक शिंकेसरशी नवऱ्याची मान आणखी खाली दाबत होत्या. आयुष्यभर ज्यांना कुणी एका जागी बसवू शकलं नव्हतं, ते भाऊसाहेब पदराखाली दगडासारखे स्थिर राहिले. ना शिंक, ना खोकला. ढकलगाडी सोडून दिल्यामुळे ती आपली आपण नीडल्सपर्यंत गेली, दीपगृहाला लागून थांबली, आणि गाजराची एक चकती घरंगळत मिसेस फरहादींच्या बुटापाशी गेली.

ढग बसल्यावर चित्रानं नाक पुसत विचारलं, "कुणाची पडली ती सपात?"

जयंतीबाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या उजव्या पायात काही नव्हतं. त्यांनी तो पाय हळूच साडीखाली ओढून घेतला. त्या क्षणी सपातेकडे बघत असलेला माणूस सगळ्या खोलीत एकच होता, कारण त्याला दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

पदराखालून आवाज आला, "माझी. सैलच होती."

"बघा," बळवंतराव शिंकत म्हणाले, "म्हणजे वहिनींचं पन्नास वर्षांचं म्हणणं खरं निघालं."

"असेल," भाऊसाहेब म्हणाले. "आता मला वर न्या. हळू. मान खाली आहे."

पार्टी रूम सात वाजता झाडून परत झाली नाही. पण बाळाच्या समारंभाच्या लोकांनी ओल्या फडक्यानं जमीन पुसायला हात लावला, आणि मिसेस फरहादींनी डोळ्यांवर थंड पाण्याची पट्टी ठेवून, एक खुर्ची घेऊन, कुणी कुठे पुसायचं ते सांगितलं.

पुढे कुणाचं काय झालं, तेही सांगून टाकते. भाऊसाहेबांचा पडदा जागच्या जागी चिकटला. तपासणीत त्यांनी तक्त्यावरच्या खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं आणि सगळ्यांत खालची ओळ छापणाऱ्यानं नीट छापलेली नाही, असं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. आता ते परत स्वस्थ बसत नाहीत. मिसेस फरहादींनी इमारतीच्या नियमांत एक नवीन नियम घातला, की पार्टी रूमच्या जमिनीवर कुठलाही मसाला आणता येणार नाही. नियम कशावरून आला ते नव्या रहिवाशांना कळत नाही. मात्र दर महिन्याला त्या जयंतीबाईंकडे चहाला येतात, आणि भज्यांना तिखट कमी घाला म्हणतात. चित्रा सांगते, की बेटाची कल्पना मूळ तिची. बळवंतरावांचं गाव आता इमारतीच्या लॉबीत काचेच्या पेटीत आहे. त्यातल्या छोट्या गावातल्या छोट्या गावावर त्यांचं काम चालू आहे, त्यासाठी त्यांनी भिंग घेतलंय, आणि घर पूर्वीइतकं रिकामं वाटत नाही असं ते एकदा बोलून गेले. बायकोच्या बरण्यांवर त्यांनी नावं लावली आहेत. गौरांगीनं तिकिटं पुढच्या उन्हाळ्यासाठी बदलून घेतली. जायचं की नाही, यावर घरात अजून ठरत नाही.

कारण आता तिथे जायचं कशाला, असं जयंतीबाई म्हणतात. निकाल लागला. यांनी साक्षीदारांसमक्ष कबूल केलंय. पाहुणे आले की त्या ही गोष्ट सांगतात, आणि भाऊसाहेब मान डोलावतात.

दोघांच्या निळ्या सपाता दाराशी एकाच रॅकवर असतात. भाऊसाहेबांच्या दोन्ही निळ्याच आहेत. जयंतीबाईंची उजवी तीनदा धुतली, तरी तिचा तळवा तांबडा तो तांबडाच राहिला. पाहुण्यांची बेल वाजली, की दार उघडायच्या आधी भाऊसाहेब लगबगीनं रॅकपाशी जातात, मान खाली घालतात, आणि ती सपात तळव्याकडून भिंतीशी वळवून ठेवतात.